ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी भरवशाचे गॅरेज कसे शोधावे? ठाणे आणि नवी मुंबईतील गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

घोडबंदर रोडवरील आमच्या वसाहतीत दहा वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज वाहनतळावर त्या सहज दृष्टीस पडतात. गाड्या वाढल्या, तसे त्यांच्या गिअरबॉक्सविषयीचे प्रश्नही वाढले. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आणि ऐरोली-वाशीकडच्या मित्रांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, एवढे सांगितले म्हणजे गॅरेजला पुरेसे नाही का?

नाही. गॅरेज शोधण्याआधी ही गोष्ट समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे. आपल्या रस्त्यांवर ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे धावतात आणि एकाचा जाणकार दुसऱ्याचा जाणकार असेलच असे नाही.

पहिला प्रकार एएमटीचा. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओमधून तो सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणला. त्याच्या पोटात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लचप्लेटच असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी ॲक्च्युएटर करतो. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑइलच्या प्रवाहातून शक्ती पोहोचते आणि आतील क्लचचे संच ऑइलच्या दाबावर चालतात. तिसऱ्या म्हणजे सीव्हीटी प्रकारात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुली आणि त्यांच्यामधला पोलादी पट्टा किंवा साखळी यांच्या साहाय्याने प्रमाण सतत बदलत राहते. चौथा प्रकार दोन क्लचच्या गिअरबॉक्सचा. कंपनीनुसार त्याला डीसीटी, डीसीए किंवा डीएसजी म्हणतात आणि त्यातही कोरडे क्लच व ऑइलमध्ये बुडालेले क्लच असे दोन पोटभेद आहेत.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सचा प्रकार आणि त्याला लागणाऱ्या ऑइलचे नेमके नाव दिलेले असते. ते पान मोबाइलमध्ये टिपून ठेवावे आणि गॅरेजमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न आपण विचारण्याऐवजी समोरच्याने ‘कोणता गिअरबॉक्स आहे?’ असे विचारण्याची वाट पाहावी. गाडीचे मॉडेल आणि वर्ष ऐकूनही जो हे विचारत नाही किंवा स्वतःहून सांगत नाही, त्याने हे काम फारसे केलेले नाही, असे समजण्यास हरकत नाही.

आमचा मेकॅनिक पंधरा वर्षे ओळखीचा आहे. त्याच्याकडेच काम दिले तर?

एएमटी असेल आणि त्याच्याकडे त्या गाडीच्या संगणकाशी बोलणारा स्कॅनर असेल, तर अवश्य द्यावे. क्लचप्लेट बदलणे त्याला येतेच. मात्र प्लेट बदलल्यानंतर ॲक्च्युएटरला नव्या क्लचचा स्पर्शबिंदू, म्हणजे क्लच जेथे पकडू लागतो ती जागा, शिकवावा लागतो आणि ती क्रिया स्कॅनरशिवाय होत नाही. ती न करता गाडी परत दिली, तर नवी प्लेटही झटके देते.

उरलेल्या तीन प्रकारांत ओळखीच्या मेकॅनिकचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्याकडे अशी गाडी आली की तो स्वतः ती कोठे पाठवतो, हे त्याला मोकळेपणाने विचारावे. बहुतेक सर्वसाधारण गॅरेजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवतात, पण उघडत नाहीत. उघडण्यासाठी तो दुसऱ्याकडे जातो. त्या दुसऱ्याचे नाव हीच सर्वांत मोलाची माहिती असते. चांगला मेकॅनिक ते नाव सांगतो आणि स्वतःचे कमिशनही लपवत नाही. असे माणूस हाताशी असेल, तर पुढील निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

ठाणे किंवा नवी मुंबईत शोध कोठून सुरू करावा?

ठाण्यात वागळे इस्टेट, माजिवडा-कापूरबावडी आणि कोलशेतचा परिसर, तर नवी मुंबईत तुर्भे, महापे आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा येथे कंपन्यांची सर्व्हिस सेंटर आणि स्वतंत्र गॅरेजे दोन्ही आढळतात. पनवेल-कळंबोलीकडे अवजड वाहनांची गॅरेजे जास्त आहेत. त्यांचा अनुभव मोठा असला तरी तो तुमच्या सीव्हीटीच्या कामाचा असेलच असे नाही.

घरापासूनचे अंतर हा येथे दुय्यम निकष मानावा. तेलाची गळती किंवा ब्रेकपॅड यांसाठी कोपऱ्यावरचे गॅरेज ठीक आहे, परंतु गिअरबॉक्ससाठी ऐरोली पूल ओलांडून जावे लागले तरी जावे. इंटरनेटवरील तारांकनांपेक्षा, तुमच्याच मॉडेलची आणि तुमच्याच प्रकारच्या गिअरबॉक्सची गाडी त्या गॅरेजमधून दुरुस्त होऊन किमान एक पावसाळा चालली आहे, असे सांगणारा एक माणूस अधिक विश्वासार्ह ठरतो. कारण बहुतांश अभिप्राय गाडी ताब्यात मिळाल्याच्या दिवशी लिहिले जातात आणि गिअरबॉक्सचे काम कसे झाले, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही.

पहिल्या भेटीत गॅरेजची परीक्षा कशी घ्यावी?

माझ्या मते संपूर्ण निर्णय या पहिल्या अर्ध्या तासावर अवलंबून असतो. दराची बोलणी त्यानंतरची.

गाडी पाहण्याआधी समोरचा काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे. झटका गाडी थंड असताना बसतो की गरम झाल्यावर? ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा उचलते की ‘आर’मध्ये टाकल्यावर? थरथर ठरावीक वेगालाच जाणवते का? ऑइल शेवटचे कधी आणि कोणते टाकले होते? गाडी पाण्यात गेली होती का? हे प्रश्न वेळकाढूपणाचे नसतात. प्रत्येक उत्तर शक्यतांची यादी आखूड करत जाते. गरम झाल्यावरच दिसणारा दोष ऑइलच्या दाबाकडे बोट दाखवतो, तर ठरावीक वेगाला येणारी बारीक थरथर ही टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची) किंवा जुन्या झालेल्या ऑइलची खूण असू शकते.

दुसरी गोष्ट ट्रायलची. जाणकार माणूस तुम्हाला शेजारी बसवून, किंवा तुम्हालाच चालवायला लावून, दोष प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय मत देत नाही. गल्लीतल्या एका चकरेत गिअरबॉक्सचे तापमान चढत नाही. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे तरी गाडी चालवावी लागते.

तिसरी गोष्ट स्कॅनरची, आणि येथे ग्राहकाची फसगत सर्वाधिक होते. बाजारात मिळणारे छोटे स्वस्त यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या दोषांचे कोड वाचते. त्यावर पी०७०० असा कोड आला, की ‘गिअरबॉक्स खराब’ असे सांगून लोक मोकळे होतात. वास्तविक त्या कोडचा अर्थ एवढाच आहे, की गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने काहीतरी नोंदवून ठेवले आहे. ते काय, हे वाचण्यासाठी त्या नियंत्रकापर्यंत पोहोचणारा स्कॅनर हवा. पी०७३० आला तर गिअरचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे जुळत नाही, पी०७४१ आला तर टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच नीट पकडत नाही, असा तपशील मग समोर येतो. गॅरेजला कोडची छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र मागावे. ते देण्यास टाळाटाळ झाली, तर नम्रपणे किल्ली परत घ्यावी.

आणि शेवटी, तपासणीचे पैसे किती, हे आपणहून विचारून ते आनंदाने द्यावेत. फुकट तपासणी करणाऱ्याला आपला वेळ पुढच्या कामातून वसूल करावा लागतो, त्यामुळे काम काढण्याचा मोह त्याला होतोच. जो तपासणीचे वेगळे पैसे घेतो, त्याला ‘तुमच्या गिअरबॉक्सला काही झालेले नाही’ असे सांगणे परवडते.

गॅरेजने पाहताक्षणी ‘गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल’ असे सांगितले तर?

माझ्या स्वतःच्या गाडीबाबत हेच घडले. सहा-स्पीड टॉर्क कन्व्हर्टरची ती गाडी ‘डी’वरून ‘आर’मध्ये टाकताना जोरात धडका देऊ लागली आणि पन्नास-साठच्या वेगाला थरथरू लागली. घराजवळच्या एका गॅरेजने एक छोटी चकर मारून गिअरबॉक्स संपूर्ण उघडण्याचा सल्ला दिला आणि एक लाख दहा हजार रुपयांचे एस्टिमेट तोंडी सांगितले. वडिलांच्या औषधोपचाराचे दिवस होते. त्या रकमेने मी रात्रभर झोपलो नाही. गाडी तेथे ठेवण्याआधी एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर तुर्भ्याकडील दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. तेथील प्रमुखाने गाडी गरम होईपर्यंत चालवली, नियंत्रकाचे कोड वाचले, गाडी लिफ्टवर घेतली आणि फाटलेले गिअरबॉक्स माउंटिंग, म्हणजे गिअरबॉक्सला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा रबरी आधार, मला हाताने हलवून दाखवले. ऑइल नव्वद हजार किलोमीटरपर्यंत एकदाही बदललेले नव्हते, तेही काळेभोर निघाले. माउंटिंग बदलले, ऑइल दोन टप्प्यांत बदलले आणि तक्रार मिटली.

म्हणून गिअरबॉक्स उघडण्याआधी बाहेरच्या गोष्टी निकालात काढल्या आहेत का, हे प्रत्येकाने विचारावे. माउंटिंग, ऑइलची पातळी, वायरिंगचे जोड आणि बॅटरी या त्या गोष्टी होत. एएमटी आणि डीसीटी गाड्यांमध्ये अशक्त बॅटरीमुळेही गिअरबॉक्सचे कोड येतात. ब्रेकच्या दिव्याचा स्विच बिघडला, तरी गाडी गिअर घेण्यास नकार देऊ शकते. दोन-तीन हजार रुपयांत सुटणारा दोष लाखाच्या घरात जाऊ नये, एवढी काळजी घेणे आपल्या हातात आहे.

कंपनीचे सर्व्हिस सेंटर चांगले की स्वतंत्र गॅरेज?

वॉरंटी शिल्लक असेल, तर सर्व्हिस सेंटर, यात दुमत नसावे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून न दिल्याबद्दल एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही म्हटले होते. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. ग्राहकाने या तात्त्विक मुद्द्यावर आपल्या वॉरंटीची परीक्षा पाहू नये, असे मला वाटते.

वॉरंटी संपल्यानंतर चित्र बदलते. सर्व्हिस सेंटरकडे योग्य स्कॅनर, अद्ययावत सॉफ्टवेअर आणि मूळ ऑइल असते, परंतु अनेकदा तेथे गिअरबॉक्सचा आतील भाग दुरुस्त न करता संपूर्ण संचच बदलण्याचा सल्ला मिळतो. स्वतंत्र जाणकार एखादा सोलेनॉइड (ऑइलचा प्रवाह उघड-बंद करणारा विजेवरचा भाग) किंवा वॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) बदलून तोच गिअरबॉक्स वाचवू शकतो. त्यामुळे तपासणी सर्व्हिस सेंटरमध्ये करून लेखी अहवाल घ्यावा आणि त्यावर स्वतंत्र गॅरेजचे मत घ्यावे, हा मार्ग थोडा खर्चिक असला तरी मोठ्या दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडतो.

गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर टिकते, असे काही जण सांगतात. खरे काय?

काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्याचा टप्पाच दिलेला नसतो, त्यातून हा समज पसरला. मात्र बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षे यांदरम्यान ऑइल बदलण्याची शिफारस करते. उष्णतेने ऑइलमधील घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये क्षीण होतात आणि क्लचच्या अस्तराची भुकटी त्यात मिसळते. गायमुखच्या कोंडीत मे महिन्याच्या दुपारी तासभर सरकणारी गाडी कमी किलोमीटर चालूनही अधिक तापते. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ म्हणून जो कमी अंतराचा टप्पा असतो, तो आपल्यासाठीच आहे असे धरावे.

गॅरेजवाला म्हणतो, त्याचे ऑइल सर्व गाड्यांना चालते. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निस्सानच्या सीव्हीटीला एनएस-३, टोयोटाच्या अनेक टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सना डब्ल्यूएस आणि ह्युंदाईच्या सहा-स्पीडला एसपी-४ अशी ऑइले ठरलेली आहेत, आणि त्यांचा घर्षणाचा गुणधर्म त्या त्या क्लचशी किंवा पट्ट्याशी जुळवलेला असतो. सीव्हीटीमध्ये साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे सर्वसाधारण ऑइल) टाकले, तर पट्टा पुलीवर घसरून दोघांनाही ओरखडे पडतात आणि मग दुरुस्ती उरत नाही.

महाग ऑइल म्हणजे चांगले ऑइल, हाही गैरसमज आहे. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात-स्पीड डीएसजीमधील सिंथेटिक ऑइल काढून खनिज ऑइल भरले होते, कारण उष्ण व दमट हवेत आणि सतत थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत सिंथेटिक ऑइलमुळे विजेचा दोष उद्भवू शकत होता. उष्ण, दमट आणि थांबत-चालत: हे वर्णन वाचताना ठाणेकराला आपलाच रस्ता आठवेल. डबा आपल्यासमोर फोडला जावा आणि त्यावरील नाव मॅन्युअलशी ताडून पाहावे.

ऑइल नुसते काढून भरावे की मशीनने फ्लश करावे?

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत खालचा बोल्ट उघडला, की एकूण ऑइलच्या साधारण तिसऱ्या ते निम्म्या हिश्श्याइतकेच बाहेर पडते. उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन किंवा तीनदा काढून भरणे हा सौम्य मार्ग मला अधिक पसंत आहे. दाबाने फ्लश करण्याचा आग्रह, विशेषतः फार काळ ऑइल न बदललेल्या गाडीत, धरू नये.

पातळी कशी तपासणार, हेही विचारावे. पुष्कळ आधुनिक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू आणि ऑइल ठरावीक तापमानाला असताना बोल्टमधून वाहणाऱ्या ऑइलवरून पातळी ठरते. ते तापमान स्कॅनरवर पाहावे लागते. ‘जेवढे निघाले तेवढे भरले’ हे उत्तर अपुरे आहे, कारण निघालेले ऑइल आधीच कमी असू शकते.

पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली होती. गॅरेजला काय सांगावे?

खरे तेच सांगावे, पाणी कोठपर्यंत आले होते हेही सांगावे आणि गाडी सुरू करून पाहू नये. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत शिरते. पाणी मिसळलेले लाल ऑइल गुलाबी दुधासारखे दिसते आणि ते क्लचच्या अस्तराचा चिकटा सैल करते, त्यामुळे येथे दिवसांचा नव्हे तर तासांचा हिशेब असतो. विमा कंपनीला कळवण्याआधी गिअरबॉक्स उघडू देऊ नये.

जुना किंवा रीबिल्ट गिअरबॉक्स बसवावा का?

अपघातग्रस्त गाडीतून काढलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण तो किती चालला हे सिद्ध करणे कठीण असते. रीबिल्ट, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडलेला, घ्यायचा असेल, तर आत कोणते भाग नवे टाकले याची यादी, लेखी वॉरंटी आणि तुमचा जुना गिअरबॉक्स गॅरेज ठेवून घेणार असल्यास त्याची वजावट किती, हे आधी ठरवावे.

कोणकोणती गोष्ट लेखी असावी?

जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटरची नोंद, ऑइलचे नाव व लिटर, आणि ‘ग्राहकाच्या परवानगीशिवाय वाढीव काम करू नये, काढलेले भाग परत द्यावेत’ हे वाक्य असावे. व्हॉट्सअॅपवर आलेले एस्टिमेटही चालते, ते पुसू मात्र नये. बिल जीएसटीचे असावे. महाराष्ट्रातील पंधरा अंकाक्षरी जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो. बिल न घेता वाचवलेला कर पुढे वाद झाला तर फार महागात पडतो, कारण तुम्ही पैसे दिल्याचा पुरावाच उरत नाही.

वाद झाला आणि गॅरेज गाडी अडवून बसले, तर काय करावे?

भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे काम केलेल्या कारागिराला त्याच्या मेहनतान्यासाठी वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क असतो. त्यामुळे गेटवर भांडण्यात अर्थ नाही. रक्कम अमान्य असल्याचे लेखी कळवून ती बँकेमार्फत द्यावी, गाडी ताब्यात घ्यावी आणि दुसऱ्या जाणकाराकडून लेखी तपासणी अहवाल घेऊन मग दाद मागावी.

त्यासाठी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे समेट न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही अनिवार्य नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येत असल्याने, गॅरेज पुण्याचे असले तरी ठाणेकराला ठाण्यातच दाद मागता येते.

गाडी रस्त्यात बंद पडली, तर गॅरेजपर्यंत कशी न्यावी?

दोरीने ओढून मुळीच नेऊ नये. इंजिन बंद असताना बहुतांश ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ऑइलपंप फिरत नाही आणि चाके मात्र आतील भाग कोरडे फिरवत राहतात. चारही चाके वर घेणारी सपाट टो-गाडीच मागवावी आणि फोनवर ‘ऑटोमॅटिक आहे’ हे आधी सांगावे.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

सायंकाळी घाईच्या वेळी ताबा घेऊ नये. सकाळी, गाडी थंड असताना जावे, कारण गॅरेजने आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीत थंड अवस्थेतला दोष लपतो. प्रमुखासह पुन्हा तीच ट्रायल घ्यावी, शक्य तर पारसिकच्या चढासारख्या रस्त्यावर, आणि मूळ तक्रार ज्या वेगाला वा ज्या गिअरला होती तेथे मुद्दाम थांबून पाहावे. नियंत्रकाचे कोड पुन्हा वाचून घ्यावेत आणि आधीच्या प्रतीशेजारी ठेवावेत. ऑइल किंवा क्लच बदलल्यानंतर नियंत्रकाला नवे मोजमाप शिकवले का, हे विचारावे. पहिले काही दिवस गिअर किंचित उशिरा पडणे काही गाड्यांत स्वाभाविक असते, तेवढ्यावरून घाबरू नये. पाचशे किलोमीटरनंतर गळती आणि पातळी पाहण्यासाठी परत येण्याची तारीख बिलावरच लिहून घ्यावी. ती तारीख गॅरेजने स्वतःहून दिली, तर त्या गॅरेजचा क्रमांक जपून ठेवावा आणि शेजाऱ्यांनाही द्यावा.